टर्की उतरली, पुढे काय?

पोराची ‘टर्की’, म्हणजे नशा तोडल्यावरचे हाल, एकदा निभावली की सुटला, असं गर्द (हेरॉइन) ओढणाऱ्याच्या घरी सगळ्यांना वाटत असतं. अंगदुखी, उलट्या, जुलाब, नाकाडोळ्यांतून धारा, हे हाल आठवडाभरात बरेचसे ओसरतात. पोरगं पोटभर जेवतं, आई देवापुढे नारळ फोडते. खरा धोका सुरू होतो तो इथूनच.

२००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडनमधली एक छोटीशी चाचणी छापून आली. हेरॉइनचे ४० रुग्ण. २० जणांना वर्षभर रोज ब्युप्रेनॉर्फिन दिलं. उरलेल्या २० जणांचं तेच औषध सहा दिवसांत कमी करत बंद केलं आणि पुढे दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. समुपदेशन, गटबैठका, लघवीची तपासणी दोन्हीकडे सारखीच. वर्षाअखेरीस पहिल्या गटातले १५ जण उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातलं कुणीच नव्हतं, आणि त्यातले चौघे मरण पावले होते.

नशा बंद झाली की शरीराची सहनशक्ती भराभर उतरते, तलफ मात्र जागच्या जागी असते. मग एखाद्या दिवशी जुन्या सवयीने जुनाच डोस घेतला जातो आणि श्वास थांबतो. म्हणूनच नुसतं ‘डिटॉक्स’ करून रुग्णाला घरी धाडणं मला अपुरं नव्हे, घातक वाटतं.

ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत हेरॉइनच्याच जागेवर बसतं, आणि एसटीत आधी चढून जागा पटकावलेल्या माणसासारखं सहसा उठत नाही. मागाहून आलेलं हेरॉइन उभंच राहतं. शिवाय एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वास आणखी मंदावत नाही. (सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या, तर हा भरवसा धरू नये.)

‘म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरं लावलं!’ हा आक्षेप न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वँडर या डॉक्टरांनी १९६५मध्ये मेथाडोन या अशाच पर्यायी औषधाचे निष्कर्ष मांडले तेव्हापासूनचा. फ्रान्सने १९९५पासून साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मुभा दिली. पुढच्या चार वर्षांत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे चार पंचमांशांनी घटले. आक्षेप घेणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

एम्सच्या २०१९च्या सर्वेक्षणानुसार अफूवर्गीय नशेपायी भारतात सुमारे ७७ लाख लोकांना मदतीची गरज आहे. ‘नॅको’च्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) केंद्रांवर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी कुटून कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवतात आणि विरघळेपर्यंत बसवून घेतात. गोळी बाजारात विकली जाऊ नये म्हणून हा पहारा, आणि तो अनाठायी नाही. पण नाक्यावर सकाळी काम मिळवणाऱ्या मजुराने औषधापायी रोज बुडवायचा का? अमेरिकेत २०१७मध्ये याच औषधाचं महिन्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन मंजूर झालं. आपल्याकडे २०२०च्या टाळेबंदीत काही दिवसांचे डोस घरी न्यायला दिले गेले होते. उपचारात जम बसलेल्या रुग्णाला ही सवलत एरवीही सहज मिळायला हवी.