बिर्लानगरचा धडा : देवघेवीत नफा कोणाचा?

आग्र्याकडून ग्वाल्हेरला येताना मुख्य स्थानकाच्या थोडे अलीकडे बिर्लानगर नावाचे एक लहानसे स्थानक लागते. ज्या गिरण्यांमुळे या वसाहतीला हे नाव मिळाले, त्यांचे भोंगे आज वाजत नाहीत. तरीही ग्वाल्हेरच्या कापडाचे नाव एके काळी देशभरच्या दुकानांतून घेतले जात होते, याची आठवण आमच्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरी असेलच. एक गिरणगाव येथे उभे का राहिले, भरभराटीस का आले आणि शेवटी निःशब्द का झाले, या प्रश्नांचा विचार करू लागले की अर्थशास्त्रातील एका मोठ्या सिद्धांताशी आपण येऊन थांबतो. त्या सिद्धांताला ‘तौलनिक लाभ’ असे म्हणतात. व्यापार हाच ज्यांचा कुलपरंपरेचा व्यवसाय आहे, अशा आपणांस तो परका वाटू नये, म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्याचा थोडा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

दोघा भावांची पेढी

समजा, एका कापडपेढीवर दोघे भाऊ आहेत. थोरला दिवसभरात खतावणीची १२ पाने लिहितो, किंवा ताके तपासायला बसला तर ६० ताके तपासतो. धाकटा नवखा आहे. त्याच्याने दिवसाकाठी ४ पाने होतात, किंवा ४० ताके होतात. म्हणजे थोरला दोन्ही कामांत सरस. मग धाकट्याची पेढीला गरज ती काय, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल.

पण हिशेब मांडून पाहू. थोरल्याने एक पान लिहिले, तर तेवढ्या वेळात तपासता आले असते असे ५ ताके राहून जातात. धाकट्याने एक पान लिहिले, तर १० ताके राहतात. उलटपक्षी, ताके तपासण्यापायी पानांचा खोळंबा धाकट्याच्या हातून कमी होतो. दोघांनीही अर्धा दिवस हे व अर्धा दिवस ते केले, तर पेढीवर ८ पाने व ५० ताके होतात. तेच धाकट्याने दिवसभर ताकेच पाहिले, थोरल्याने केवळ १० ताक्यांपुरता वेळ दिला व उरलेला वेळ खतावणीला लावला, तर ताके तेवढेच ५० आणि पाने मात्र १० होतात. कोणी अधिक घाम गाळला नाही, पेढीवर नवा मुनीम ठेवला नाही. आणि तरीही २ पानांचे काम जास्त झाले.

कोण अधिक हुशार, हा प्रश्न येथे नसून कोणते काम हाती घेतल्याने दुसरे किती सोडावे लागते, हा आहे. १८१७ साली डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने हीच गोष्ट इंग्लंड व पोर्तुगाल या दोन देशांविषयी सांगितली. त्याच्या उदाहरणात पोर्तुगालला कापड ९० माणसांत व द्राक्षमद्य ८० माणसांत होते. इंग्लंडला त्यासाठी अनुक्रमे १०० व १२० माणसे लागतात. पोर्तुगाल दोन्हींत वरचढ असूनही त्याने मद्य करावे, इंग्लंडने कापड करावे आणि परस्पर अदलाबदल करावी, यात दोघांचेही हित आहे, असे त्याने दाखविले. रिकार्डो स्वतः लंडनच्या रोखेबाजारात मुरलेला गृहस्थ होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता अदलाबदल कोणत्या भावाने व्हावी? आमच्या उदाहरणात एका पानाचा मोबदला ५ ताक्यांहून अधिक व १० ताक्यांहून कमी असेल, तरच दोघांचेही कल्याण. या मर्यादेत भाव कोठे ठरतो, यावर नफ्याची वाटणी अवलंबून असते. एकूण नफा आहे, एवढ्यावरून तो सारखा वाटला जातो असे सिद्ध होत नाही.

बिर्लानगरची साखळी

या दृष्टीने बिर्लानगरकडे पाहावे. १९२१ साली, माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, बिर्ला घराण्याने ग्वाल्हेरात जियाजीराव कॉटन मिल्सची स्थापना केली. पुढे ऑगस्ट १९४७ मध्ये ग्वालियर रेयॉन ही कंपनी नोंदली गेली व परदेशातून आणलेल्या रेयॉनच्या सुताचे कापड विणण्याने तिने आरंभ केला. सूत स्वतः न करता विणकामात हात बसविणे, हा तौलनिक लाभाचाच मार्ग होता.

परंतु ती तेथे थांबली नाही. १९५४ साली चंबळेच्या काठी नागदा येथे कृत्रिम धागा निघू लागला. १९६३ पासून केरळातील मावूर येथे बांबूपासून लगदा तयार होऊन नागद्याला येऊ लागला. रान केरळचे, धागा माळव्याचा, विणकाम ग्वाल्हेरचे आणि गिऱ्हाईक साऱ्या देशाचे, अशी ही साखळी होती. संस्थानांच्या सीमेवर जकातीचे नाके कायम राहिले असते, तर ती जुळणे कठीण होते. राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने देशांतर्गत व्यापार मुक्त केला, त्याचे मोल व्यापाऱ्याहून अधिक कोण जाणील?

न्यायमूर्ती रानड्यांचा आक्षेप

येथे एका मराठी विचारवंताचे स्मरण अवश्य केले पाहिजे. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ‘भारतीय अर्थशास्त्र’ या विषयावर व्याख्यान देताना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, इंग्लंडात रुजलेले सिद्धांत सर्व देशकालांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे प्रतिपादन केले. हिंदुस्थानने कच्चा माल पिकवावा व विलायतेने कारखाने चालवावेत, ही वाटणी निसर्गाने ठरविलेली नाही, असा त्यांचा रोख होता. तो यथार्थच होता. कारण १८९६ पासून १९२५ पर्यंत येथील गिरणी-कापडावर शेकडा साडेतीन टक्के अबकारी कर बसवून सरकार स्वतःच तराजूला हात लावीत होते. धाकटा भाऊ आज ताके तपासतो, म्हणून त्याने जन्मभर तेच करावे असे नाही. शिकून तो उद्या खतावणीही लिहील. नागद्याचा धागा हे त्याचेच उदाहरण होय.

दुसरी बाजू

तथापि, जो लाभ मिळविता येतो, तो गमावलाही जातो. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. पुढे भिवंडी, मालेगाव, सुरत येथील मागांनी स्वस्त कापडाचा बाजार व्यापला. एकाच आवारात सूत, विणकाम व रंगाई करणाऱ्या मोठ्या गिरण्या मागे पडू लागल्या. मुंबईच्या गिरणगावात जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर पुष्कळ गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. ग्वाल्हेरची जियाजीराव मिलही विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद पडली. कामगारांच्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. मावूरचा कारखाना २००१ साली बंद झाला.

कापड स्वस्त झाले, गिऱ्हाइकाचे हित झाले, इचलकरंजीचा व भिवंडीचा व्यापार वाढला. आम्हा व्यापाऱ्यांनीही गिरणीचा ताका सोडून मागाचा ताका गाठीस बांधला व दोन पैसे मिळविले. हे सारे खरे. पण तो नफा देशभर थोडाथोडा वाटला गेला आणि तोटा मात्र बिर्लानगरच्या काही गल्ल्यांत साचला. ज्याने तीस वर्षे साचा चालविला, तो एका रात्रीत दुसरे काम शिकत नाही. कामगाराच्या उधारीवर चालणारे कोपऱ्यावरचे किराणा दुकानही त्याच्याबरोबरच बसते. रिकार्डोच्या गणितात माणसे एका कामावरून दुसऱ्यावर सहज जातात; प्रत्यक्षात मध्ये मुलांच्या शाळेची फी आणि घराचे भाडे उभे असते.

म्हणून सिद्धांत खोटा ठरतो असे नव्हे. दारे लावून घेतल्याने कोणतेही गाव श्रीमंत झालेले नाही. मात्र जमेची बाजू लिहून नावेची बाजू कोरी ठेवणारी कीर्द आपण कोणाच्याही पेढीवर मान्य करीत नाही. देशाच्या कीर्दीलाही तोच नियम लावावा. व्यापारातून जो वाढावा मिळतो, त्यातील काही अंश ज्यांचे काम गेले त्यांच्या शिक्षणाकडे व त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीकडे वळला, तर तो धर्मादाय न समजता थकलेले देणे समजावे. आमच्या सभासद बंधुभगिनींनी यंदाचा ताळेबंद मिटविताना या एका कलमाचा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.