कालवणाचा प्रश्न

महाराष्ट्रात आज धान्याची टंचाई नाही. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतात, आणि पोटासाठी खडी फोडायला लावणारा १९७२चा दुष्काळ आता जुन्या पिढीच्या आठवणीत उरला आहे. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे ३५ मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली आणि १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना ॲनिमिया होता. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या जवळपास एक चतुर्थांश स्त्री-पुरुषांचं वजन प्रमाणाबाहेर निघालं. खुजी मुलं आणि सुटलेली पोटं एकाच राज्यात, कित्येकदा एकाच घरात दिसतात. याचं कारण सहसा सवयींत शोधलं जातं. लोकांना कळत नाही, जिभेवर ताबा नाही, बाहेरचं खाणं वाढलं, असं म्हटलं जातं. हे निदान अपुरं आहे. आपल्या व्यवस्थेनं भाकरी-भाताची सोय लावली, पण त्याबरोबर खायची डाळ, पालेभाजी, दूध, अंडं, फळ हे सारं प्रत्येक घराच्या खिशावर आणि घरातल्या बाईच्या वेळेवर सोडून दिलं. पोट भरतं आणि पोषण राहून जातं, ते या कालवणापाशी.

याचा भक्कम पुरावा आपल्याच मातीतला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. गरोदरपणी बाई काय खाते, किती राबते, बाळ केवढं जन्मतं आणि पुढे त्याची प्रकृती कशी राहते, याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं ठेवल्या. तिथल्या बाळांचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आत भरलं. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तर ही बाळं स्नायूंनी बरीच बारीक होती, पण अंगावरची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी राखून असलेल्या या शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आईच्या आहारात एकूण उष्मांक किंवा प्रथिनं किती होती, याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध लागला नाही. संबंध लागला तो हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळं ती किती वेळा खाते, याच्याशी. शिवाय बहुसंख्य आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती, आणि हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज अन्नातूनच मिळतं. भाकरीचे चतकोर वाढवून ही उणीव भरून निघत नाही.

मग ताटात धान्यच का साचलं? भुकेच्या काळात ते साचणं गरजेचं होतं. दुष्काळांनी पोळलेल्या देशानं गहू आणि तांदूळ पिकवण्यावर जोर दिला, हमीभावानं ते विकत घेतले आणि रेशन दुकानांतून वाटले. त्या धोरणानं जीव वाचवले. ते तोडा, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण व्यवस्था तिथेच थांबली. २०१३चा अन्नसुरक्षा कायदा बहुतेक लाभार्थ्यांना माणशी महिना ५ किलो धान्य देतो. डाळ, तेल, दूध त्याच्या कक्षेत येत नाहीत.

उरलेल्या ताटाचा हिशेब मांडून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४मध्ये सुचवलेल्या दिवसाच्या ताटात माणशी ४०० ग्रॅम भाज्या, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ३०० मिलिलिटर दूध आहे. त्या हिशेबानं पाच जणांच्या घराला महिन्याला सुमारे ६० किलो भाजी, पावणेतेरा किलो डाळ आणि ४५ लिटर दूध लागेल. मुलांचं कमी, मोठ्यांचं जास्त धरलं तरी अंदाज फार बदलत नाही. भाजी किलोला ४० रुपये, डाळ १०० आणि दूध लिटरला ५० असे बेताचे भाव धरले, तरी बेरीज सहा हजारांच्या घरात जाते. फळं, तेल, शेंगदाणे आणि गॅस वेगळेच. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे ही सारी एकोणीस दिवसांची मजुरी झाली, आणि तीही तेवढे दिवस काम मिळालं तर. ज्या घरानं हे ताट वाढलं नाही, त्याला अडाणी म्हणण्याआधी ही बेरीज डोळ्यांसमोर ठेवायला हवी.

यावर पहिला आक्षेप असा की, हीच माणसं वेफर्स, फरसाण, बिस्किटांवर पैसे घालवतात. ही गोष्ट खरी आहे. २०२२-२३च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेलं अन्न यांवरचा खर्च ग्रामीण भागात एकूण खर्चाच्या साडेनऊ टक्क्यांवर, तर शहरांत साडेदहा टक्क्यांवर गेलेला दिसतो. धान्यावरच्या खर्चाच्या तो जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त आहे. पण पाच रुपयांचा बिस्किटपुडा वाडीवस्तीवरच्या टपरीतही पाच रुपयांनाच मिळतो, नासत नाही, निवडावा-शिजवावा लागत नाही आणि मुलाचं रडणं लगेच थांबवतो. मेथीची जुडी निवडायला अर्धा तास जातो आणि तिचा भाव आठवड्यागणिक बदलतो. हा अर्धा तास कुणाचा, हेही पाहायला हवं. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. सकाळी शेतावर किंवा धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईला 'घरचं ताजं खा' असं सांगणं म्हणजे तिच्या थकलेल्या दिवसात आणखी एक तास मागणं आहे. पुडा स्वस्त ठरतो तो पैशापेक्षा वेळेच्या हिशेबानं.

दुसरा आक्षेप आजी-आजोबांचा दाखला देतो. ते ज्वारी-बाजरी खाऊन ठणठणीत राहिले, आपणही भाकरीकडे वळावं, असं म्हणतात. ज्वारी चांगलीच आहे. तिच्यात तंतू आहेत, ती कमी पाण्यात येते आणि तिचा कडबा जनावरांना होतो. पण आजोबा औत हाकत होते आणि आपण खुर्चीत बसतो. त्यांच्या पिढीतली किती मुलं पाच वर्षांची होण्याआधीच गेली, हेही त्या आठवणीत येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक देशव्यापी अभ्यासाचे २०२५मधले निष्कर्षही सावध करतात. भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. मैदा-तांदळाच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आल्यानं धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी किंवा दुधातल्या प्रथिनांना दिला, तर धोका कमी होतो असं आढळलं. ज्वारी जरूर परत यावी, पण ताटात धान्य तेवढंच राहिलं तर पुढचं दुखणं टळणार नाही.

तिसरा आक्षेप पैशांचा आहे. सरकारनं सगळं ताट कुठून वाढायचं? सरकार आजही वाढतंच आहे. धान्याची खरेदी, साठवण आणि वाटप यांवर दरवर्षी अफाट खर्च होतो. त्यातला वाढीव पैसा कशासाठी वापरायचा, एवढाच निर्णय घ्यायचा आहे. कर्नाटकानं रेशनवर नाचणी आणि ज्वारी दिली. तमिळनाडूत शाळेच्या जेवणात आठवड्यातले पाच दिवस अंडं असतं. महाराष्ट्रानं २०२३च्या अखेरीस शाळांत आठवड्याला एक अंडं, आणि न खाणाऱ्यांना केळं, देण्याचा निर्णय घेतला. पण जानेवारी २०२५मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवून हा खर्च लोकसहभागातून भागवावा, असं शाळांना सांगितलं. अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात, बी-१२ असतं, आणि कवचामुळे त्यात भेसळ करता येत नाही. कुपोषणाची चिंता वाहणाऱ्या राज्यानं सर्वांत आधी जपावा असा हा खर्च होता.

वैयक्तिक जबाबदारी यानं संपत नाही. ज्या घरात पैसा आणि वेळ आहे, तिथे ताटातला भात कमी करून उसळ वाढवणं, निवडण्या-चिरण्याचं काम पुरुषांनीही उचलणं आणि सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाटीत डाळ उरते का ते पाहणं, हे उद्यापासून जमण्यासारखं आहे. ज्या घरात पैसा आणि वेळ नाही, तिथे उपदेशाची तक्ती लावून भागणार नाही. रेशनवर धान्याबरोबर डाळ हवी, अंगणवाडीत आणि शाळेत अंडं हवं, आणि गरोदर बाईला दूध-पालेभाजी मिळायला हवी. धान्याचा हक्क आपण कायद्यानं मिळवला. तोच हक्क आता कालवणापर्यंत न्यायचा आहे, आणि ही मागणी पोटभर जेवणाऱ्या प्रत्येकानं आमदार-खासदारांपुढे ठेवायला हवी.