पर्वतप्रवास : एक कुटुंब, तीन वयोवस्था

एप्रिल उजाडला की खडवली परिसरातील कुटुंबांचे सुटीचे बेत ठरू लागतात. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्व जण एकत्र निघतात आणि ‘सोबत कोणती औषधे न्यावीत?’ असे वैद्यास विचारतात. उत्तर देण्यापूर्वी वैद्याने विचारावे : मुक्काम किती उंचीवर आहे?

देशविचार

भातसेकाठची खडवली उन्हाळ्यात उष्ण व दमट असते. कल्याणला गाडी बदलून नेरळमार्गे गाठता येणारे माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. तेथे विरळ हवेचा त्रास संभवत नाही. मात्र दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना मज्जाव असल्याने संधिवाताच्या ज्येष्ठांना किती चालावे लागेल, याचा विचार आधी व्हावा.

हिमालयाची गोष्ट निराळी. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, तर रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे. मोटारीने हे अंतर काही तासांत कापले जाते. खिंडीत प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो. शरीराला सात्म्य होण्यास मात्र काही दिवस लागतात.

वयोविचार

बाल्यात कफ, मध्यम वयात पित्त व वार्धक्यात वात प्रबळ असतो. उंचावरील शीत, रूक्ष, लघु हवा वाताचेच गुण वाढविते. म्हणून वृद्धांना अभ्यंग, उबदार वस्त्रे, कोष्ण जल व स्निग्ध, लघु आहार सांगावा. हृद्रोग, श्वास व पांडुरोग यांची तपासणी निघण्यापूर्वीच करावी. चालू औषधे प्रवासात बंद करू नयेत.

तरुण बलवान असला तरी विरळ हवेपासून सुरक्षित नसतो. उत्साहाने वेगात चढणाराच पुष्कळदा प्रथम आजारी पडतो. लहान मुलास डोकेदुखी सांगता येत नाही. चिडचिड, अन्नद्वेष व निद्रानाश हीच त्याची भाषा.

चिकित्सकाने विसरू नये असे

सुमारे २,५०० मीटरच्या वर शिरःशूल, हृल्लास, भ्रम व थकवा दिसल्यास तो अम्लपित्ताचा वा अजीर्णाचा उपद्रव समजून घरगुती उपायांत वेळ दवडणे धोक्याचे आहे. अन्य कारण सिद्ध होईपर्यंत ती उंचीचीच व्याधी मानावी. अशा वेळी आणखी वर चढू नये. विश्रांतीने उतार न पडल्यास खाली यावे. विश्रांतीतही धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे वा असंबद्ध बोलणे ही प्राणघातक लक्षणे आहेत. रुग्णास तत्काळ कमी उंचीवर उतरवावे, प्राणवायू द्यावा व रुग्णालय गाठावे. येथे निदान-परिवर्जन म्हणजे उंची सोडणे, हीच पहिली चिकित्सा होय.

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. मद्य व झोपेची औषधे टाळावीत.

चरकाचार्यांनी औषधिभूमींत हिमालयाला श्रेष्ठ मानले. त्या भूमीवर आजोबा व नातू एकत्र उभे राहावेत, ही इच्छा रास्तच आहे. त्यासाठी प्रवासाची गती मात्र कुटुंबातील सर्वांत दुर्बल व्यक्तीने ठरवावी, हे निघण्यापूर्वीच सांगणे वैद्याचे कर्तव्य आहे.