‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका!

रूमवर मित्र बडबडतोय, पाय लटपटतायत, मग आडवाच होतो. कोणीतरी म्हणतं, ‘झोपू दे रे, सकाळपर्यंत उतरेल!’ पण त्याच्या पोटात दारू नसून स्पिरिट किंवा सॅनिटायझर असेल, तर हेच वाक्य जिवावर बेतू शकतं.

एप्रिल २०२१ आठवा. लॉकडाऊनमध्ये दारूची दुकानं बंद होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा जीव गेला. त्याच वर्षी ३१ जानेवारीला, त्याच जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पोलिओ डोसऐवजी १२ चिमुकल्यांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. थेंबच होते, दवाखान्यातही हलवलं, मुलं बचावली.

‘शेवटी अल्कोहोलच ना?’ नाही! दारूत इथेनॉल असतं. जखम पुसायच्या काही स्पिरिटमध्ये आणि कित्येक सॅनिटायझरमध्ये असतं आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्याची गुंगी इथेनॉलच्या साधारण दुप्पट. पोटात कळा, उलट्या, बीपी खाली, श्वास मंद. नुसतं अंगाला चोळूनही ते शरीरात जातं. म्हणून तापलेल्या बाळाला स्पिरिटने पुसू नका.

भेसळीचं मिथेनॉल तर आणखी दगाबाज. सुरुवातीला विशेष काही जाणवत नाही. बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी डोळ्यांपुढे धुकं येतं. शरीरात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्याच्या नसेवर घाला घालतं. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच दारूने शंभरावर बळी घेतले.

मग करायचं काय? १०८ ला फोन करा. पाचोडला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथून संभाजीनगरची ‘घाटी’ पन्नासेक किलोमीटरवर. म्हणजे वेळ दवडणं परवडणारं नाही. गाडी येईपर्यंत मित्राला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. मीठपाणी पाजून उलटी करायला लावू नका. गुंगीत ती श्वासनलिकेत जाते. लिंबू, ताक, कॉफी काहीच नको. आणि ती बाटली सोबत घ्या! काय प्यायलंय हे कळलं, की डॉक्टरांना उपचाराची दिशा मिळते. मिथेनॉलवर उतारा आहे, डायलिसिसही आहे. पण वेळेत पोहोचलात तर.

‘घरी कळेल, पोलीस विचारतील’ ही भीती प्रत्येकालाच वाटते. घरचे चार दिवस बोलतील, मग विसरतील. मित्र मात्र पुन्हा मिळणार नाही.