हरलेल्या कागदाचा फेरा

वऱ्हाडातल्या आपल्या सोनाळ्यात पारावर राजकारणाची गोष्ट निघाली की विरोधी पक्षाबद्दल एक वाक्य ठरलेलं असतं, "त्याईच्या हातात हाये काय?" प्रश्न रास्त आहे. स्वातंत्र्यानंतर संसदेत खासगी सदस्यांची, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची, फक्त 14 विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं 1970 साली. मग ही माणसं विधेयकं लिहितात तरी कशाला?

मला याचं उत्तर 1928 सालात सापडतं. मार्च महिना, मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ. वर्षभरापूर्वी नेमलेले एक तरुण सदस्य उभे राहतात. वय 36. डॉ. आंबेडकर. हातात 1874 च्या वतन कायद्यातली दुरुस्ती. महार वतन म्हणजे महारांनी सरकारचं काम कोणत्याही प्रहरी करायचं. बदल्यात इनामाचा तुकडा आणि गावाकडून बलुतं, तेही गावाची मर्जी असेल तर. आंबेडकरांनी नुसतं "हा अन्याय आहे" म्हणून खाली बसायचं नाही असं ठरवलेलं. त्यांनी व्यवहार मांडला: जमिनीचा पूर्ण सारा घ्या, जमीन रयतवारी करा, माणूस चाकरीतून मोकळा करा, जो चाकरीत राहील त्याला बलुत्याऐवजी रोख द्या. गाऱ्हाण्याला कलमं फुटली होती! विधेयक निवड समितीकडे गेलं, तिथून ते असं कापून-छाटून परतलं की 1929 मध्ये त्यांनी स्वतःच ते मागे घेतलं.

हरले, असंच कोणीही म्हणेल.

1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 च्या निवडणुकीत मुंबईच्या 175 जणांच्या विधानसभेत त्याचे चौदा जण आले. सत्ता काँग्रेसची, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. त्याच सप्टेंबरात आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. आपल्या वऱ्हाडात बहुतेक गावं रयतवारी. शेतकऱ्याचा सारा थेट सरकारात. कोकणात मात्र मध्ये खोत बसलेला, आणि वसुलीची किल्ली त्याच्याकडे. विधेयकाची युक्ती अशी की खोताला नुकसानभरपाई द्यायची आणि कसणाऱ्याला जमिनीचा कब्जेदार करायचं. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन आले. तरीही विधेयक पुढे सरकलं नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाला तो पचला नाही. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम देशात 1952 साली आला, हे ध्यानात घेतलं की त्या ठरावाचं धाडस कळतं.

आता फेरा पाहा. खोती 1949 च्या कायद्यानं गेली. महार वतनासकट गावकामगारांची कनिष्ठ वतनं 1958 च्या कायद्यानं गेली. पहिलं बारा वर्षांनी, दुसरं तीस वर्षांनी! श्रेय एकट्या त्या कागदांना देणं भाबडेपणाचं होईल. कोकणातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांचा दीर्घ संप होता, स्वातंत्र्य होतं, कूळकायद्याची लाट होती. पण सत्तेनं बदल करायचा ठरवला तेव्हा तिला कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागली नाही. भरपाईचा खर्च कुठून, चाकरीच्या जमिनीचं काय, रोख कोण देणार, असे अडचणीचे प्रश्न आधीच सभागृहासमोर आले होते. घोषणा हवेत विरते. कलमाला मात्र विरोधकालाही कलमानंच उत्तर द्यावं लागतं, आणि तसं करताना तो नकळत मसुदा सुधारून देतो. मला थक्क करतं ते हे.

1928 मध्ये सोनाळा मुंबईच्या त्या कायदेमंडळाच्या कक्षेतच नव्हतं. आपण मध्य प्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर. 1956 च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढच्याच महिन्यात, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. वतनं रद्द करणारा कायदा झाला तेव्हा मुंबईच्या सभागृहात सातपुड्याच्या पायथ्याचा, आपल्या भागाचा आमदारही बसलेला होता.