बर्लिनमधले एक सत्र

परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकायचे आणि पदवी मात्र आपल्याच महाविद्यालयाची घ्यायची, या व्यवस्थेला सेमिस्टर एक्स्चेंज म्हणतात. युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेने ही रीत रुळवली. भारतातल्या अनेक संस्थांचेही युरोपीय विद्यापीठांशी असे करार असतात. करार असला की सहसा फी इथेच भरायची असते, तिथले शिक्षणशुल्क माफ होते. राहणे, खाणे, विमा आणि विमानभाडे यांचा भार घरावर पडतो. बर्लिनचे उदाहरण घेतले, तर या सत्राचे गणित नीट समजते.

पहिला पेच वेळापत्रकाचा असतो. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि उन्हाळी सत्राचे एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतात. आपल्याकडची सत्रे साधारण जुलै ते नोव्हेंबर आणि डिसेंबर-जानेवारी ते मे अशी असतात. म्हणजे तिथले एक सत्र इथल्या दोन सत्रांवर पाय ठेवून उभे राहते. इथल्या विद्यार्थ्याने त्यामुळे पहिली चौकशी आपल्याच महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात करावी : कोणते विषय ग्राह्य धरणार, बुडालेल्या परीक्षा कधी घेणार? युरोपात वर्षाला ६० म्हणजे सत्राला ३० क्रेडिट धरतात, तर भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४०. हा हिशेब आणि विषयांची यादी दोन्ही विद्यापीठांच्या सहीशिक्क्यानिशी निघण्यापूर्वी मिळवावी. तोंडी आश्वासन निकालाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचे असल्याने पर्यटकाचा शेंगेन व्हिसा चालत नाही. जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. खर्चाची ऐपत दाखवण्यासाठी बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात महिन्याला ९९२ युरो या दराने रक्कम आधीच ठेवावी लागते आणि तिथे पोहोचल्यावर ती महिन्याच्या हप्त्यांनी हाती येते. बर्लिनमध्ये खोली मिळणे व्हिसाहून अवघड. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र हाती पडताच करावा.

पोहोचल्यावर पहिले काम पत्ता नोंदवण्याचे. घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंद करायची असते आणि तिला घरमालकाचे लेखी पत्र लागते. त्यामुळे पत्र न देणारी स्वस्त खोली शेवटी महागात पडते. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून किराणा शनिवारीच भरावा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीमागे बहुधा २५ सेंट अनामत आकारली जाते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. विद्यापीठाच्या भोजनगृहात, म्हणजे मेन्झात, विद्यार्थ्यांना सवलतीत जेवण मिळते आणि वर्गातल्या ओळखीही तिथेच पक्क्या होतात.

तिथल्या वेळापत्रकात ‘१० सी.टी.’ लिहिले असेल, तर तास सव्वादहाला सुरू होतो. व्याख्यानापेक्षा सेमिनारमध्ये जास्त शिकायला मिळते. तिथे प्रत्येकाने निबंध मांडायचा, प्रश्न झेलायचे आणि प्राध्यापकांचे मत पटले नाही तर पुराव्यानिशी तसे सांगायचे, अशी अपेक्षा असते.

या बाबतीत मराठी विद्यार्थ्यापुढे मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे उदाहरण आहे. त्या १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या, तेव्हा सासरे महर्षी कर्वे यांचा त्या जाण्याला विरोध होता. डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा वंशाशी संबंध असतो, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, त्यांना तसा संबंध आढळला नाही आणि त्यांनी प्रबंधात तसे लिहिले. डॉक्टरेट त्यांना तरीही मिळाली. मोजमापाची ती शिस्त पुढे महाराष्ट्रातल्या समाजांचा अभ्यास करताना त्यांच्या कामी आली. संस्थेची इमारत आज बर्लिनच्या फ्री विद्यापीठाच्या वापरात आहे.

वर्ग इंग्रजीत असले तरी घरमालक, दवाखाना आणि सरकारी कचेरी यांच्याशी गाठ जर्मनमध्येच पडते. निघण्याआधी पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मनची प्राथमिक पातळी पूर्ण केली, तर पहिल्या महिन्याची ओढाताण कमी होते. तिथे गेल्यावर टँडेमची सोय शोधावी : एक तास आपण मराठी किंवा हिंदी शिकवायची, एक तास समोरच्याने जर्मन. फक्त भारतीय मित्रांबरोबर एकत्र स्वयंपाक करून राहिले, तर सत्र सुखात जाते, पण भाषा येत नाही. प्रवासासाठी दर शनिवार-रविवारी नवा देश गाठण्यापेक्षा वर्ग संपल्यावरचा मोकळा काळ ठेवावा.

बर्लिनहून निघण्यापूर्वी गुणपत्रक कसे आणि कधी मिळेल ते विचारून घ्यावे, कारण काही निकाल वर्ग संपल्यावर बऱ्याच आठवड्यांनी लागतात. जर्मन गुणांकनात १.० सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्ण होण्याची शेवटची पायरी. इथल्या दहाच्या मापाने १.३ वाचले, तर उत्तम विद्यार्थी नापास ठरायचा. म्हणून गुणपत्रकासोबत गुणांकनाचा तक्ता, अभ्यासक्रमाचा आराखडा आणि लिहिलेले निबंध जोडून द्यावेत. आधी सहीशिक्का झालेल्या यादीशी ही कागदपत्रे जुळली, की तिथले क्रेडिट इथल्या पदवीत जमा होतात.