पाण्याच्या हायड्रोजनने मायलेज वाढते का?
अमरावती-अकोला मार्गावर गाडी चालवून पोट भरणाऱ्या आपल्या तरुणांच्या कमाईतला मोठा वाटा डिझेलच खाते. म्हणून 'पाण्यातून हायड्रोजन बनवणारे किट बसवा' ही जाहिरात भुरळ घालते. पण हिशेब पाहा. १ किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. तो पाण्यातून वेगळा करायला ५० युनिटांच्या आसपास वीज लागते. गाडीत ही वीज अल्टरनेटर देतो आणि तो इंजिनावर, म्हणजे डिझेलवरच फिरतो. सौदा तोट्याचाच!

अमेरिकेत पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा करणाऱ्या स्टॅन्ली मेयरला १९९६ मध्ये ओहायोतील न्यायालयाने फसवणुकीबद्दल गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले.

मित्रांनो, कर्ज काढून किट घेऊ नका. टायरची हवा, एअर फिल्टर आणि वेग सांभाळा. बचत तिथे आहे.